बेटावरचा कोस

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेसाठी जुन्या काळासंबंधी काही लिहून द्यावे, असा चिटणीस महाशयांचा निरोप आला, तेव्हा गेल्या वार्षिक सभेचाच प्रसंग आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. सभा उरणास भरली होती. मुंबईकर सभासदांसाठी राखून ठेवलेल्या दोन रांगा जवळजवळ रिकाम्याच राहिल्या. न आलेल्यांपैकी कित्येकांनी एकच कारण कळविले होते, की उरण दूर पडते. शिवडीहून समुद्रावरचा पूल सुरू झाल्यानंतरचे हे उत्तर! जेव्हा लाँचखेरीज सोय नव्हती, तेव्हा याच सभेसाठी मुंबईहून बायकामुलांसह मंडळी येत असत, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. मग ‘दूर’ या शब्दाचा अर्थ तरी काय? एक जन्म बेटावर काढलेल्या मनुष्याने या प्रश्नाचा थोडा ऐतिहासिक विचार करावा, असे वाटल्यावरून हा अल्प प्रयत्न केला आहे.

प्रथम भूगोल ध्यानी घ्यावा. आज ज्यास आपण उरण म्हणतो, ते जुन्या कागदपत्रांतील करंजा बेट होय. त्याची लांबी सुमारे आठ मैल व रुंदी चार मैल. उत्तरेस मोरा बंदर, दक्षिणेस द्रोणागिरीचा डोंगर व त्याखाली करंजा गाव, आणि मध्ये मिठागरे, भातखाचरे व खाजणे. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी व घारापुरी यांबरोबर हे बेटही इंग्रजांकडे कायम झाले. समोर मुंबई. तीही तेव्हा एक नव्हे, तर कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी व माहीम अशी सात बेटे मिळून होती. म्हणजे आपले पूर्वज बेटावरून बेटावर जाणारे लोक होते. त्यांच्या कोसाचे माप जमिनीवरच्या कोसाहून निराळे असणार, हे उघड आहे.

ते माप कसे होते, हे आमच्या आजीच्या बोलण्यावरून सांगतो. तिच्या दोन मुलींपैकी थोरली माझगावास दिली होती व धाकटी करंजास. मोऱ्याहून माझगाव समुद्रावरून सहा मैलांच्या आसपास, तर करंजा बैलगाडीच्या वाटेने चार-पाच मैल. तरी आजी नेहमी म्हणे, “थोरली काय, समोरच आहे. धाकटी मात्र लांब पडली हो!” शाळेत मैलांचा हिशेब शिकल्यावर आम्ही एकदा तिची चूक दाखवू गेलो. ती शांतपणे म्हणाली, “बाळा, माझगावचे दिवे मला ओटीवरून दिसतात. करंजाचा दिवा कोणी पाहिलाय?” पुढे आमच्या ध्यानात आले, की आजीचा हिशेब चुकीचा नव्हता. बेटावरच्या मनुष्यास पाणी हा रस्ता असतो आणि डोंगर हा अडथळा. शिवाय ज्याचे सारे जग आठ मैलांत संपते, त्यास चार मैल म्हणजे अर्धे जग वाटावे, यात नवल ते कोणते? देशावरचा शेतकरी बाजारासाठी दहा मैल सहज तुडवी. आमच्या बेटावर मात्र मोऱ्याहून करंजास जायचे, तर आदल्या रात्रीपासून तयारी चाले.

मुंबईकरही या नियमास अपवाद नव्हते व आजही नाहीत. मूळचे मुंबई बेट अकरा-बारा मैल लांब व जेमतेम तीन मैल रुंद. अशा चिंचोळ्या जागेत रस्ते व रेल्वे उत्तर-दक्षिणच धावणार. म्हणून तेथील मनुष्यास दादर किती दूर असे विचारले, तर तो मैल सांगत नाही, मिनिटे सांगतो. गिरगावात आयुष्य गेलेल्या मंडळीस ठाण्यास बिऱ्हाड करणे म्हणजे परमुलखात जाणे वाटे, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरांत ऐकावयास मिळाले असेल. एका अर्थी ते खरेही होते. १७३७ पासून १७७४ च्या अखेरपर्यंत माहीमच्या खाडीअलीकडे इंग्रजांचे राज्य व पलीकडे साष्टीत मराठ्यांचे राज्य होते. ती अरुंद खाडी म्हणजे दोन राज्यांची सरहद्द होती.

आता ही पाण्याची माया हळूहळू कशी ओसरली, ते पाहू. गव्हर्नर हॉर्नबी यांच्या कारकीर्दीत, १७८४ च्या सुमारास, वरळीकडून आत शिरणारे भरतीचे पाणी बांध घालून अडविण्यात आले. गव्हर्नर डंकन यांच्या काळात सुरू झालेला शीवचा बंधारा १९ व्या शतकाच्या आरंभी पुरा झाला व मुंबई साष्टीस जोडली गेली. १८३८ मध्ये कुलाब्याचा रस्ता झाला. माहीम व वांद्रे यांमध्ये मात्र अद्याप होडीच होती. तेथे पूल व्हावा म्हणून सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून जकात घेऊ नये, अशी अट घातली. १८४५ मध्ये तो रस्ता खुला झाला. अंतर कमी करणे हेही दानधर्माचे काम आहे, हे त्या माउलीने ओळखले होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही २१ मैलांची आगगाडी धावली, आणि मुंबई व साष्टी या बेटांचे बेटपण लोकांच्या मनातून जाऊ लागले.

आमच्या बेटाचे बेटपण मात्र पुढे शंभराहून अधिक वर्षे टिकले. खाजणांवरून पनवेलशी सडक जोडली गेली खरी, परंतु मुंबईस जाणाऱ्यास ती निरुपयोगीच. उरण, पनवेल, मुंब्रा, ठाणे असा खाडीला वळसा घालून मुंबई गाठायची, तर साठेक मैल पडत. पाण्यावरून तेच अंतर सहा मैल. म्हणून मोरा ते भाऊचा धक्का ही लाँच हाच आमचा राजमार्ग. आणि लाँचेचे घड्याळ म्हणजे समुद्र. ओहोटीस मोऱ्याच्या बंदरात गाळ उघडा पडे व लाँच धक्क्यास लागत नसे. म्हणून प्रत्येक घरात भरतीचा हिशेब मुखोद्गत असे. तो हिशेब नव्या पिढीसाठी येथे नोंदवून ठेवतो. पंचांगातील तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता. त्यापुढे सुमारे सहा तासांनी ओहोटी. आमच्या आजीस लिहितावाचता येत नव्हते, पण पाऊणकीचा पाढा ती आमच्याहून जलद म्हणे. प्रवासाचा मुहूर्त भटजींकडून नव्हे, तर या पाढ्यावरून निघे.

या राजमार्गाने आमच्या मुलखाकडून मोल घेतले नाही, असे मात्र समजू नये. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्यास महिनाही उरला नसता, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळात उलटली व सहाशेहून अधिक माणसे बुडाली. दिव्याच्या अवसेसाठी घरी निघालेले चाकरमानी त्यात होते. त्यानंतर अनेक वर्षे आषाढात घरचे मनुष्य पाण्यावर असले, म्हणजे ते पोचेपर्यंत बायका चुलीवरचे भांडे उतरवीत नसत, असे आमच्या मातोश्री सांगत.

आमच्या स्वतःच्या घराने भरलेले मोल याहून लहान, परंतु आम्हांस ते विसरता येत नाही. १९७१ च्या आषाढात आमचे तीर्थरूप अत्यवस्थ झाले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. थोरले बंधू नोकरीनिमित्त माझगावास आत्याकडे राहत. त्यांना सायंकाळी तार केली. ती दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मिळाली. तिथी होती वद्य चतुर्थी. म्हणजे भरती तीनला व ओहोटी नऊला. ते धक्क्यावर पोचले तेव्हा पाणी पार उतरलेले. बारानंतर लाँच सुटेल, असे कळले. परंतु बाराच्या आधीच वारा फिरला, वादळाचा बावटा चढला आणि लाँचा बंद झाल्या. मग ते आगगाडीने ठाण्यास, तेथून मोटारीने पनवेलास आले. उरणची शेवटची गाडी निघून गेली होती. जासईपर्यंत एका मालमोटारीने व पुढे भर पावसात पायी चालत ते पहाटे दारात उभे राहिले. इकडे वडील दिवसभर एकच विचारीत होते, “लाँच लागली का?” रात्री दहाच्या सुमारास त्यांचे विचारणे थांबले.

बंधूंनी अग्निसंस्कार केला, परंतु शेवटचे पाणी त्यांच्या हातून पडले नाही. ते पुढे आम्हांस एकदाच म्हणाले, “धक्क्यावरून आपला डोंगर मला दिसत होता रे!” त्यानंतर दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, वाशीचा पूल वाहतुकीस खुला झाला. पुलाचे नाव निघाले, की बंधू उठून आत जात.

म्हणून पूल नकोत, असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. १९८९ मध्ये न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले. त्यासाठी व नव्या शहरासाठी आपल्या भागातील जमिनी गेल्या, आणि १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात शेतकऱ्यांचे रक्तही सांडले, हे विसरून चालणार नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. त्याची लांबी २१.८ किलोमीटर असून त्यांपैकी सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावर आहेत. त्याच दिवशी उरणास उपनगरी रेल्वेही आली. ज्या पाण्याने आमच्या बंधूंना एक दिवस व एक रात्र अडविले, ते पाणी मोटार आज वीस मिनिटांत ओलांडते. पुलावर दुचाकीस व रिक्षास मज्जाव आहे आणि मोटारीस पथकर पडतो, त्यामुळे तो अवाबाईंच्या पुलासारखा सर्वांचा नव्हे, हेही खरे. तथापि आज कोणा मुलास बापाच्या अंथरुणाशी वेळेवर पोचता येत असेल, तर आम्ही त्या पुलास हात जोडतो.

परंतु जाता जाता पुलाने एक गोष्ट आपल्याकडून नेली, व तिचीच खंत येथे सांगावयाची आहे. ती गोष्ट म्हणजे मुक्काम. पूर्वी आलेला पाहुणा शेवटची लाँच चुकली, की राही. आणि बहुतेक वेळा ती चुकतच असे. रात्री ओटीवर घोंगड्या पडत. सोयरिकी त्या ओटीवर जुळल्या, भांडणे तेथेच मिटली, गरीब विद्यार्थ्याच्या पुस्तकांची व्यवस्थाही तेथेच ठरली. आज आमचा पुतण्या परळहून मोटारीने येतो. दाराशी येताच म्हणतो, “काका, चहाच घेतो हं, गर्दीच्या आधी परत गेले पाहिजे.” त्याचा दोष नाही. ज्या वाटेने केव्हाही परत जाता येते, त्या वाटेवर थांबण्याचे कारणच उरत नाही. आणि जेथे थांबायचे नाही, तेथे जाणे मनुष्यास दूर वाटू लागते. गेल्या सभेच्या रिकाम्या रांगांचे कारण आमच्या मते हेच आहे. लाँचेने येणारा मनुष्य दोन दिवसांसाठी येई, म्हणून त्यास दोन तास जड वाटत नसत. मोटारीने येणारा दोन तासांसाठी येतो, म्हणून त्यास वीस मिनिटेही जड वाटतात.

ज्यांना हे पटत नसेल, त्यांनी एकदा घारापुरीस जाऊन यावे. आपल्याच तालुक्यातील ते बेट आजही पुलाने जोडलेले नाही. समोर मुंबईच्या दिव्यांचा झगमगाट असता तेथील राजबंदर, मोराबंदर व शेतबंदर या वस्त्यांना समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती २०१८ मध्ये. दिसणे आणि पोचणे यांत केवढे अंतर असते, हे त्या लोकांइतके दुसऱ्या कोणास कळणार?

तेव्हा ज्ञातिबांधवांपुढे एक नम्र सूचना ठेवून हा लेख पुरा करतो. पुढील वार्षिक सभा दोन दिवसांची करावी, आणि मुंबईकर कुटुंबांनी मधली रात्र उरणकरांच्या घरी काढावी. जागेची चिंता करू नये. ज्या ओट्यांवर पूर्वी वीस-वीस माणसे निजत, त्यांपैकी काही ओट्या अजून शाबूत आहेत, व त्यांत आमचीही एक आहे. येणाऱ्यांनी भरतीची वेळ पाहण्याची आता गरज नाही. तरीही तिथी आम्हांस कळवावी. पाऊणकी आम्ही करू, आणि सायंकाळी मुलांना मोऱ्याच्या धक्क्यावर पाणी चढताना दाखवू.