हुशार देशांची शिष्यवृत्ती

परवा नातीचा फोन आला. ती अर्थशास्त्र शिकते आहे. म्हणाली, "आजोबा, गरीब देशांना मदत देण्याआधी त्यांनाही गुण देतात, माहीत आहे का?" उभा जन्म गुण देण्यात गेलेल्या माणसाला हा प्रश्न! दिवसभर तोच विचार डोक्यात घोळत राहिला.

पूर्वी शीतयुद्धात तुम्ही कोणाच्या गोटात आहात हेच आधी पाहिले जाई. झैरेचा मोबुटू १९६५ ते १९९७ सत्तेवर होता. त्याची लूट जगजाहीर होती, तरी पाश्चात्त्य देशांची मदत वर्षानुवर्षे येतच राहिली. तेव्हा निकाल पाहून पैसा द्यावा, ही कल्पना मुळात चांगलीच होती. जागतिक बँक तर सवलतीची कर्जे वाटताना १९७७ पासूनच देशांची कामगिरी पाहत होती. पुढे त्याचे सोळा निकष झाले आणि प्रत्येकाला १ ते ६ गुण.

अमेरिकेने २००४ साली 'मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन' काढले. साधारण सारख्या उत्पन्नाच्या देशांची आपसात तुलना करायची. किती मुली प्राथमिक शाळा पूर्ण करतात, लसीकरण किती, नागरी स्वातंत्र्य किती, असे विषय. भ्रष्टाचाराच्या विषयात मात्र पास व्हावेच लागे.

यातला पहिला करार एप्रिल २००५ मध्ये मादागास्करशी झाला, सुमारे ११ कोटी डॉलरचा. शेतकऱ्याच्या हाती जमिनीचा कागद यावा, त्याला कर्ज मिळावे, शेतमालाचा व्यापार वाढावा, हे त्यातले मुख्य काम. मार्च २००९ मध्ये लष्कराच्या पाठिंब्याने तिथे सत्तापालट झाला आणि मे महिन्यात करार संपवायचे ठरले. नियमाने बरोबरच! पण कागदाची वाट पाहत बसलेल्या शेतकऱ्याने कुठे बंड केले होते? नापास झाले राज्यकर्ते आणि पाटी हिसकावली गेली त्याची.

आम्हा मास्तरांना ही गोष्ट नवी नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लोव यांनी शाळांचे अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन, गणिताच्या परीक्षेवर बांधले. निकालावर अनुदानाची ही पद्धत आपल्या मुंबई इलाख्यातही होती. परिणाम काय, तर घोकंपट्टी वाढली. इंग्लंडने शतक संपता संपता ती सोडून दिली.

आता एक गोष्ट सांगतो, जी घरात कधी सांगितली नाही. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून एका वर्षी एका मुलाला नववीतच थांबवले. थोडी जास्त मेहनत घेतली असती तर तो दहावीतही निघाला असता, हे मला ठाऊक होते. प्रगतिपुस्तकावर सही माझीच होती. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आलाच नाही. निकाल मात्र शंभर टक्के लागला, पेढे वाटले.

परीक्षा नकोच असे मी म्हणणार नाही. परीक्षाच नसेल तर मोबुटू माजतात. पण कमी गुण पडले म्हणून वर्गातून काढायचे, की जास्त वेळ शिकवायचे? सरकार नालायक निघाले तर पैसा त्याच्या हातात देऊ नका, पण गावातल्या शाळेपर्यंत, दवाखान्यापर्यंत दुसऱ्या वाटेने पोचवा, एवढे तरी व्हायला हवे.

असो. नातीला अजून उत्तर दिलेले नाही. हे वाचून ती फोन करीलच. तुम्हाला काय वाटते, तेही जरूर कळवा.