यावर यमन वाजतो का?



काही दिवसांपूर्वी एका रविवारी सायंकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर आम्ही फिरावयास गेलो होतो. कठड्याजवळ दहापंधरा माणसे कोंडाळे करून उभी होती. मध्ये एक विशीचा तरुण मांडी घालून बसला होता आणि त्याच्या मांडीवर पोलादाचे, दोन कढया एकमेकींवर पालथ्या घालून जोडाव्यात तसे एक भांडे होते. बोटांच्या टोकांनी तो त्यावर हलकेच आघात करी आणि त्यातून घंटेसारखा, परंतु घंटेहून कितीतरी मऊ असा नाद निघे. कोणी म्हणाले, ही उडती तबकडी. कोणी त्याला इडलीपात्र म्हटले. गर्दीत एक वृद्ध गृहस्थ होते. ते बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिले आणि शेवटी त्यांनी विचारले, "बाळ, गोड वाजतंय. पण यावर यमन वाजतो का?"

तरुण प्रामाणिक होता. तो म्हणाला, "नाही आजोबा. यावर नाही. त्याला दुसरं घ्यावं लागेल."

आजचे आमचे व्याख्यान या प्रश्नाविषयीच आहे. कारण हाच प्रश्न सत्तर वर्षांपूर्वी दुसऱ्या एका वाद्याला मुंबईत विचारला गेला होता. त्याचे उत्तर देण्यात एका तबलजीचे सारे आयुष्य गेले आणि पुढे, मुळात तबलाच शिकलेल्या एका मराठी वादकाचेही गेले.

प्रथम या पोलादी भांड्याची कुळकथा सांगितली पाहिजे. त्याला हँडपॅन म्हणतात. त्याचे मूळ वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटात आहे. तेथील इंग्रज सरकारने १८८० च्या दशकात गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या चामडी ढोलांवर बंदी घातली. ढोल गेले तेव्हा लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. १९३० नंतर बिस्किटांचे डबे, कचऱ्याची पिंपे, जे हाती लागेल ते वाजू लागले. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तेलाची रिकामी पिंपे कापून, ठोकून, त्यांच्या तळावर निरनिराळे स्वर उठवण्याची विद्या तेथील गरीब वस्त्यांतल्या पोरांनी सिद्ध केली. १९५१ साली त्यांचे एक पथक लंडनच्या महोत्सवात वाजवून आले आणि जगाला या 'स्टीलपॅन'ची ओळख पटली. (जाता जाता सांगावयास हरकत नाही, त्याच बेटावर १८४५ पासून हिंदी मजूर नेले गेले आणि त्यांच्याबरोबर आपला ताशाही गेला. तो तेथे अजून 'तासा' या नावाने वाजतो.)

हे पिंप स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात पोहोचले. तेथे फेलिक्स रोहनर आणि सबिना शेरर या दोघांनी पोलादाच्या पत्र्यावर वर्षानुवर्षे प्रयोग केले. शतक संपता संपता रेटो वेबर नावाचा एक तालवादक त्यांच्याकडे गेला. तो आपला दाक्षिणात्य घटम् वाजवीत असे. काठीने न वाजवता नुसत्या हातांनी वाजवता येईल आणि ज्यात स्वरही असतील असा घट मला करून द्या, अशी त्याची मागणी होती. २००० साली जे वाद्य सिद्ध झाले त्याचे नाव 'हांग'. बर्नच्या बोलीत या शब्दाचा अर्थ हात. म्हणजे आफ्रिकेची ताललालसा, त्रिनिदादचे दारिद्र्य, स्विस कारागिरी आणि मद्रासकडचे मडके अशी ही चौघांची संतती आहे. वर मधोमध एक घुमट, त्याभोवती सातआठ चपटे खड्डे, प्रत्येक खड्डा एका स्वराचा. त्यातही कारागिरी अशी की, एका खड्ड्यातून मूळ स्वर, त्याचा तार षड्ज आणि त्याच्यावरचा पंचम असे तीन नाद एकदम उमटावेत, अशा बेताने पत्रा ठोकलेला असतो. या वाद्याचा जो गोडवा आहे तो या तिहेरी नादाचा.

पुढे पुढे हे वाद्य दुकानात मिळत नसे. पत्र लिहून बर्नला बोलावणे येण्याची वाट पाहावी लागे. २०१३ साली मूळ कारागिरांनी ते करणे थांबवले, तोवर इतर देशांतील लोहारांनी ते उचलले होते आणि 'हँडपॅन' हे नाव रूढ झाले होते. ऑस्ट्रियाच्या मानू डेलागो या तालवादकाने त्याला मोठ्या रंगमंचांवर नेले. तो मूळचा ड्रम वाजवणारा. पंडित रविशंकरांची कन्या अनुष्का हिच्या २०१३ च्या 'ट्रेसेस ऑफ यू' या ध्वनिमुद्रिकेत सतारीच्या जोडीला त्याचे हांग आहे.

इतके सारे झाले, परंतु वृद्धांचा प्रश्न उरलाच. हँडपॅनचे स्वर पोलादात ठोकलेले असतात. ते पिळून चढवता येत नाहीत, की जलतरंगाच्या वाट्यांप्रमाणे चमचाभर पाणी घालून उतरवताही येत नाहीत. त्या तरुणाच्या वाद्यावर ऋषभ शुद्ध, गांधार, धैवत आणि निषाद कोमल, म्हणजे आपल्या आसावरी थाटाचे स्वर होते. तीव्र मध्यम त्यात नाहीच. मग यमन कोठून येणार? आणि थाटाचे स्वर मिळाले तरी दरबारीचा आंदोलित गांधार खड्ड्यातून कसा काढावयाचा?

आता १९५५ सालच्या मुंबईत या. हरिदास संगीत संमेलनात जम्मूचा एक सतरा वर्षांचा मुलगा आला होता. त्याचे नाव शिवकुमार शर्मा. वडील उमादत्त शर्मा गायक आणि तबलावादक. त्यांनी मुलाला पाचव्या वर्षापासून गाणे आणि तबला शिकवला होता. पुढे काश्मीरमध्ये सूफियाना मौसिकीच्या मैफलींत वाजणारे संतूर वडिलांनी ऐकले आणि हे वाद्य मुलाने शास्त्रीय संगीतात आणावे, असे त्यांनी ठरवले. मुलाला ते फारसे रुचले नव्हते. तबल्यात त्याचे नाव होऊ लागले होते. संमेलनाने संतुरासाठी बोलावले, तेव्हा आपण तबलाही वाजवणार असा त्याने हट्ट धरला आणि दोन्ही वाजवले.

श्रोत्यांनी टाळ्या दिल्या. जाणकारांनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. संतुराच्या पेटीवर शंभर तारा, पंचवीस घोड्या, एकेका घोडीवर चार तारा; अक्रोडाच्या लाकडाच्या दोन वाकड्या कलमांनी त्यांवर आघात करावयाचा. आघात झाला की स्वर उमटतो आणि विरतो. मींड नाही, गमक नाही, स्वर लांबवता येत नाही. ज्या संगीताचा प्राणच दोन स्वरांमधल्या प्रवासात आहे, त्या संगीतात या तुटक थेंबांचे काय काम? हे वाद्य सोडून द्या, दुसरे घ्या, असा सल्ला त्यांना हितचिंतकांनीच दिला.

या आक्षेपाला शब्दांनी उत्तर देण्याच्या भरीला शिवकुमार पडले नाहीत. त्यांनी वाद्यच उघडले. तारांची संख्या घटवली, घोड्यांची मांडणी बदलली, कोमल-शुद्ध स्वरांना जागा केली. पूर्वी संतूर समोर तिवईवर ठेवीत; त्यांनी ते मांडीवर घेतले, कारण तिवईवरचा अनावश्यक घुमारा मांडीवर दबतो. तुटक स्वर जोडण्यासाठी कलम तारेवर अलगद घसरत नेण्याची, एकात एक मिसळणाऱ्या अतिसूक्ष्म आघातांची रीत त्यांनी बसवली. ही रीत कोणाला साधेल? ज्याच्या बोटांनी आणि मनगटांनी बालपणापासून तबल्याचा रेला घोटला आहे त्याला. म्हणजे संतुराला स्वर मिळाला तो तबल्याकडून मिळाला, असे आमचे मत आहे.

१९६० साली खिशात पाचशे रुपये घेऊन ते मुंबईत कायमचे आले. चित्रपटसृष्टीने त्यांना पोसले, हे कबूल करावयास शास्त्रीय मंडळींनी संकोच बाळगू नये. व्ही. शांतारामांच्या 'झनक झनक पायल बाजे' या १९५५ च्या चित्रपटात, वसंत देसाईंच्या संगीतात, त्यांचे संतूर वाजले होते. म्हणजे या परक्या वाद्याला पहिली मोठी जागा मिळाली ती दोन मराठी माणसांच्या चित्रात. १९६५ च्या 'गाइड'मधील 'मोसे छल' या गाण्याला त्यांचा तबला आहे. १९६७ साली हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवाले ब्रिजभूषण काब्रा यांच्यासह त्यांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका केली. तबल्यावर माणिकराव पोपटकर होते. काश्मिरी धनगराचा एक दिवस आणि प्रहरांचे राग अशी तिची कल्पना. ज्यांनी कधी मैफलीची पायरी चढली नव्हती अशा घरांतही ती तबकडी शिरली. १० मे २०२२ रोजी शिवकुमार गेले, तेव्हा संतूर शास्त्रीय की नव्हे हा वाद कोणाला आठवतही नव्हता.

आम्ही मराठी माणसांनी अशा बाबतीत फार सोवळे मिरवू नये. पेटी तरी कोठली होती? पाश्चात्त्यांची, तिच्यातही मींड नाही. परंतु गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला गायला लावले आणि नाट्यसंगीत तिच्या खांद्यावर उभे राहिले. १९४० साली आकाशवाणीने तिला दाराबाहेर काढले, ते जवळजवळ तीस वर्षे. तेवढ्या काळात कल्याणच्या आणि ठाण्याच्या घरांतील एकही पेटी बंद पडली नाही.

आता ज्यांच्यासाठी मुख्यतः हे व्याख्यान योजले त्या उल्हास बापटांकडे येतो. ३१ ऑगस्ट १९५० हा त्यांचा जन्मदिवस. आरंभी त्यांनी रमाकांत म्हापसेकरांकडे तबला शिकला. नंतर सरोदवादक झरीन दारूवाला, आणि कृष्णराव गिंडे व वामनराव सडोलीकर या गायकांकडे रागविद्या घेतली. तबला, सरोद, गळा असा तिहेरी संस्कार घेऊन ते संतुरावर आले आणि त्यांनी जो प्रश्न हाती घेतला तो नेमका आमच्या वृद्ध गृहस्थांचा होता.

संतूर नेहमी रागाप्रमाणे जुळवतात. यमन संपवून भैरव वाजवावयाचा तर वादकाला किल्ली घेऊन कितीतरी तारा चढवाव्या-उतरवाव्या लागतात. श्रोत्यांनी तोवर पानसुपारीला जावे! बापटांनी तारा रागाला न जुळवता बाराही स्वर क्रमाने जुळवले. मग एका रागातून दुसऱ्या रागात, एका षड्जावरून दुसऱ्या षड्जावर, हात न थांबवता जाता येते. रागमाला वाजवता येते. मींड काढण्याची स्वतःची एक पद्धतही त्यांनी बसवली. ही जुळवणी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात किती उपयोगी पडली असेल हे सांगावयास नको, कारण तेथे गाणे मध्येच पट्टी बदलते आणि वाट पाहावयास कोणाला वेळ नसतो. १९७८ च्या 'घर'पासून '१९४२ अ लव्ह स्टोरी'पर्यंत राहुलदेव बर्मन यांच्याकडे ते वाजवीत राहिले.

यात तोटा नाही असे नव्हे. रागाला जुळवलेल्या संतुरात न छेडलेल्या ताराही त्याच रागाच्या असतात आणि त्या आपोआप झंकारून वातावरण भरतात. बारा स्वरांच्या जुळवणीत वर्ज्य स्वर शेजारीच दबा धरून बसलेला असतो. कलम केसभर चुकले की राग बिघडला. बापटांनी हा धोका आयुष्यभर पत्करला. म्हणून आम्हास त्यांची कामगिरी चतुराईपेक्षा धैर्याची वाटते. तिच्या मानाने त्यांचे नाव फारसे झाले नाही. चित्रपटातील त्यांचे तुकडे लाखोंनी ऐकले, पण ते वाजवणारा कोण हे विचारले थोड्यांनीच. ४ जानेवारी २०१८ रोजी ते वारले.

येथे आमच्या ठाण्याचाही एक दाखला द्यावासा वाटतो. पंडित सुरेश उर्फ भाई गायतोंडे (१९३२–२०१९) हे अहमदजान थिरकवाँचे शिष्य. थिरकवाँनी बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत साथ केली तेव्हा तबला हे साथीचे वाद्य होते. केवळ तबला ऐकावयास लोक बसतील असे कोणी म्हटले असते तर हसे झाले असते. भाईंनी स्वतंत्र तबलावादन जन्मभर मांडले आणि शिकवले. १९२६ पासून चालत आलेल्या कल्याण गायन समाजासारख्या संस्थांनी गावोगावच्या श्रोत्यांना जी बैठक लावली, ती अशाच वादकांच्या उपयोगी पडली. मुंबईची मैफल ऐकून शेवटच्या लोकलने ठाणे, डोंबिवली, कल्याण अशी उतरत जाणारी मंडळी आपल्यातही पुष्कळ असतील.

हँडपॅनची गत निराळी आहे. त्याला किल्ली नाही, म्हणून बापटांची युक्ती त्यावर चालणार नाही. एका वाद्यात अधिक खड्डे ठोकून बारा स्वर बसवण्याची खटपट काही कारागीर करीत आहेत, पण स्वर वाढले की ते एकमेकांच्या अंगावर येतात आणि तो तिहेरी नाद गढूळ होतो. काही वादक दोन-तीन हँडपॅन भोवती मांडून बसतात.

तलावपाळीवरच्या त्या तरुणाला आम्ही मागाहून विचारले, तू आधी काय शिकलास? तो म्हणाला, तबला, सात वर्षे. वृद्ध गृहस्थ तेथेच होते. ते त्याच्याजवळ खाली बसले आणि म्हणाले, "बरं, यमन राहू दे. आसावरी तर आसावरी. पण विलंबितात वाजव, घाई करू नको." तरुणाने हात उचलला आणि त्या दिवशी प्रथमच दोन आघातांमध्ये थांबला.