चटका कुठे द्यायचा?

जांघेतल्या शिरेतून एक बारीक, लवचीक कॅथेटर वर हृदयापर्यंत नेतात. पडद्यावरचे संदेश वाचत डॉक्टर त्याचं टोक किंचित किंचित सरकवतात, एका जागी स्थिर करतात आणि पेडल दाबतात. जागा बरोबर सापडली असेल, तर काही सेकंदांतच ईसीजीचा आकार बदलतो. वर्षानुवर्षं अचानक दोनशेच्या गतीने धडधडू लागणारं हृदय बहुतेकदा कायमचं ताळ्यावर येतं. हे ॲब्लेशन. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत आता त्याचं कोणाला नवल वाटत नाही. त्याच्या इतिहासात हत्यारं वरचेवर बदलली. खरी मेहनत मात्र चटका कुठे द्यायचा, हे शोधण्यात गेली.

हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये वीज न वाहणाऱ्या तंतूंचा पडदा असतो. तो ओलांडायला एकच अधिकृत वाट आहे. विल्हेल्म हिस यांनी 1893मध्ये तिचं वर्णन केलं आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. काही माणसांत मात्र स्नायूचा आणखी एक धागा जन्मतःच राहून गेलेला असतो. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी 1930मध्ये अशा 11 जणांचे ईसीजी छापले. माणसं एरवी निरोगी, पण मधूनच धडधडीचे झटके यायचे. आलेखाचा चमत्कारिक आकार सगळ्यांना दिसत होता, त्यामागची चोरवाट सिद्ध व्हायला आणखी काही दशकं जावी लागली.

ॲमस्टरडॅममध्ये डुरर, वेलेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967मध्ये कॅथेटरमधून नेमक्या क्षणी एखादा जादा ठोका देऊन पाहिला. तेवढ्याने झटका सुरू करता येत होता आणि तसाच थांबवताही येत होता. म्हणजे संदेश एका वाटेने खाली जाऊन दुसरीने वर येत, गोल गोल फिरत होता. वर्तुळच असेल, तर ते एका ठिकाणी तोडलं की काम झालं.

पुढच्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी ते तोडून दाखवलं. रुग्ण नॉर्थ कॅरोलायनाचा मच्छीमार होता. झटक्यांनी त्याचं हृदय थकून गेलं होतं आणि औषधं चालत नव्हती. छाती उघडल्यावर हृदयाच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड फिरवून, संदेश खालच्या कप्प्यात सगळ्यांत आधी कुठे पोचतो ते नोंदवलं आणि तिथेच छेद घेतला. ईसीजी सरळ झाला. सुरी सीलींची होती, पण तिला वाट दाखवली ती त्या नोंदींनी.

एवढ्यासाठी छाती उघडणं ही फार मोठी किंमत होती. 1969मध्ये बेंजामिन शेरलॅग आणि सहकाऱ्यांनी शिरेतून घातलेल्या कॅथेटरने हिसच्या वाटेचा क्षीण संदेश टिपण्याची खात्रीची पद्धत दिली. आता छाती न उघडताही त्या जागेवर बोट ठेवता येऊ लागलं. तिथे करायचं काय, याचं उत्तर एका अपघाताने दिलं. पॅरिसमध्ये अशाच तपासणीत रुग्णाला बाहेरून शॉक द्यावा लागला. शॉकची वीज हिसजवळच्या कॅथेटरमध्ये शिरली आणि ती वाट कायमची बंद पडली. 1979मध्ये हा प्रकार छापून आला, तो गुंतागुंत म्हणून.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मेल्विन शाइनमन यांनी त्या गुंतागुंतीतच उपचार पाहिला. आधी कुत्र्यांवर आणि मग रुग्णांवर प्रयोग करून त्यांच्या गटाने 1982मध्ये निकाल प्रसिद्ध केले. ड्यूकच्या गॅलघर यांच्या गटाचे निकालही त्याच वर्षी आले. औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांत हिसची वाट मुद्दाम जाळायची आणि पेसमेकर बसवायचा. शॉक मात्र राकट होता. टोकाशी ठिणगी उडायची, रक्तात दाबाची लाट उठायची, हृदयाची भिंत फाटण्याची भीती असायची. रुग्णाला पूर्ण भूल द्यावीच लागे.

सौम्य पर्याय शस्त्रक्रियेच्या खोलीत केव्हाचा वापरात होता. बॉस्टनमध्ये हार्वे कुशिंग यांनी 1926मध्ये बोव्ही यांच्या विद्युत-उपकरणाने मेंदूच्या शस्त्रक्रियेतला रक्तस्राव थांबवला होता. तोच उच्च वारंवारतेचा प्रवाह 1980च्या दशकात कॅथेटरच्या टोकाशी आला. त्याने स्नायू आकसत नाहीत, त्यामुळे रुग्ण जागा राहू शकतो. साधारण 50 अंश सेल्सियसच्या वर ऊती कायमची निकामी होते आणि डाग काही मिलिमीटरचाच पडतो. पण डाग लहान असल्यामुळे नेम चुकून चालत नाही. मोठा शॉक थोडा बाजूला पडला तरी भागायचं. इथे तसं नव्हतं. ओक्लाहोमाच्या वॉरेन जॅकमन यांच्या गटाने वळवता येणारं, 4 मिलिमीटर टोकाचं कॅथेटर वापरून 1991मध्ये 166 रुग्णांचे निकाल दिले. त्यांतल्या 164 जणांची चोरवाट बंद झाली होती. त्यानंतर अशा रुग्णांची छाती उघडण्याची वेळ क्वचितच आली.

एट्रियल फिब्रिलेशनने मात्र सगळ्यांना चकवलं. त्यात वरचे कप्पे नुसते थरथरतात. चटका द्यावा अशी एक जागाच दिसेना. 1998मध्ये बोर्दोच्या मिशेल हायसागेर यांच्या गटाने 45 रुग्णांत झटका सुरू करणारे ठोके कुठून निघतात, ते शोधलं. 69 उगमांपैकी 94 टक्के फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांमध्ये निघाले. तेव्हापासून या शिरांच्या मुखांभोवती डाग देऊन त्या विजेपुरत्या वेगळ्या करतात. त्यासाठी आधी उष्णता वापरली, मग गोठवणारा फुगा आला. आता मायक्रोसेकंदांचे उच्च दाबाचे विद्युतस्पंद वापरतात. ते पेशींच्या आवरणाला छिद्रं पाडतात आणि शेजारच्या अन्ननलिकेला उष्णतेइतकी इजा करत नाहीत. युरोपात या तंत्राला 2021मध्ये परवानगी मिळाली, अमेरिकेत 2023च्या डिसेंबरात.

म्हणजे धोक्याचा म्हणून बाजूला सारलेला विजेचा धक्का आवरलेल्या रूपात परत आला आहे. तरीही जुन्या, सततच्या फिब्रिलेशनमध्ये यश अजून कमी मिळतं. तिथे दोष शिरांपुरता राहिलेला नसतो आणि त्यांच्या पलीकडे नेमका डाग कुठे द्यावा, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. नवं हत्यार हे कोडं सोडवत नाही. ते नोंदी घेणाऱ्यांनाच सोडवावं लागणार.