रस्ता कोणाच्या पैशाचा?

पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू असे. थुंकी जमिनीवर पडू नये, पाऊलखूण पुसली जावी म्हणून. बाबासाहेबांनी हे १९३६ साली लिहून ठेवले आहे. आमच्या रस्त्याचा इतिहास पायी चालणाऱ्यापासूनच सुरू होतो.

४ ऑगस्ट १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्यास सांगितले. त्या यादीत रस्ता नव्हता. तो आला राज्यघटनेच्या १५ व्या कलमात, विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या पंगतीला. घटनाकारांनी कसोटी लावली ती शासकीय निधीची, हे विसरता कामा नये.

गोदाकाठच्या पुणतांब्यात घाट आहे, चांगदेवांची समाधी आहे, रेल्वे स्टेशन आहे. शिर्डीकडे जाणारा रस्ताही आहे. अशा रस्त्याच्या कडेने कामावर चालत जाणारी बाई, सायकलवरची शाळकरी पोर यांना निधीत वाटा किती?

२००६ च्या राष्ट्रीय धोरणाने वाहनांआधी माणूस असे म्हटले. पुण्यात सायकलमार्ग झाले. पुष्कळ ठिकाणी त्यांवर गाड्याच उभ्या राहिल्या. २०१७ मध्ये महापालिकेने पुन्हा आराखडा केला. पण ते धोरण 'नागरी' होते. पुणतांब्याला ग्रामपंचायत! मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क जीविताच्या हक्कात, २१ व्या कलमात धरला. आता जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात पायवाटेचा स्वतंत्र रकाना मागायचा आहे. ग्रामसभेत, लेखी.