असृग्दर : एका रोगनामाचा इतिहास

स्त्रीच्या मासिक स्रावातील विकृतीस आयुर्वेदात असृग्दर किंवा प्रदर म्हणतात. असृक् म्हणजे रक्त. दर हे पद विदीर्ण होणे या अर्थाच्या दॄ धातूपासून सिद्ध झाले आहे. यूरोपीय वैद्यकातील मेनोऱ्हेजिया या संज्ञेचा उत्तरांशही फुटून बाहेर पडणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला आहे. दोन्ही परंपरांत नावाने लक्षण सांगितले. कारण मात्र सांगितले नाही.

तथापि प्राचीनांचे निरीक्षण स्थूल नव्हते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात शुद्ध आर्तवाची लक्षणे दिली आहेत : ते महिन्याने यावे, पाच रात्री टिकावे, दाह व वेदना यांपासून मुक्त असावे, फार अधिक वा फार अल्प नसावे. सुश्रुताच्या शारीरस्थानात अतिप्रवृत्ती आणि ऋतुकालाबाहेरील प्रवृत्ती ही दोन्ही असृग्दराच्या एकाच लक्षणात गोवली आहेत. परिमाण आणि काल हे दोन्ही निकष येथे स्पष्ट दिसतात.

यूरोपात या दोहोंसाठी निरनिराळ्या संज्ञा झाल्या. परंतु त्यांचे अर्थ देशोदेशी भिन्न राहिले. 1966 साली स्वीडनमधील गोटेबर्ग येथील पाहणीत हॉलबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तस्राव प्रत्यक्ष मोजला. 80 मिलिलिटरपलीकडे लोहाची उणीव व पांडुता वाढते, असे त्यांना आढळले. पण घरी कोणती स्त्री रक्त मोजणार? पुढे 2005 साली वॉशिंग्टन येथील तज्ज्ञांच्या बैठकीने जुन्या ग्रीक-लॅटिन संज्ञा टाकून साधी वर्णने वापरण्याची शिफारस केली. 2007 च्या ब्रिटिश मार्गदर्शिकेने स्त्रीच्या दैनंदिन जीवनास बाधा आणणारा स्राव तो अतिस्राव, अशी व्याख्या स्वीकारली. 2011 साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने कारणांचे नऊ वर्ग ठरविले. गर्भाशयातील गाठी, कर्करोग, रक्त गोठण्यातील दोष, बीजमोचनातील अनियमितता इत्यादी त्यांत येतात. 2018 च्या सुधारणेनुसार 24 ते 38 दिवसांचे अंतर व आठ दिवसांपर्यंतचा स्राव प्राकृत मानला जातो.

मराठी बोलीचा साठा या दृष्टीने उद्बोधक आहे. विटाळ, बाहेर बसणे, कावळा शिवणे हे शब्द स्त्रीचे वेगळे बसणे सांगतात. रक्ताविषयी मौन बाळगतात. पाळी या शब्दात क्रमाची कल्पना असल्याने ती चुकली, लांबली, लवकर आली हे सहज सांगता येते. परिमाणासाठी मात्र ‘अंगावर जाणे’ हा संदिग्ध प्रयोग उरतो. तो तांबड्या व पांढऱ्या अशा दोन्ही स्रावांस लागू पडतो.

परिणामी अनियमितता लवकर बोलली जाते, अतिस्राव मात्र पुष्कळदा थकवा व धाप यांच्या तक्रारीतूनच वैद्यापुढे येतो. तोपर्यंत पांडुता जडलेली असते. म्हणून किती दिवस जाते, घडी किती वेळा बदलावी लागते, गाठी पडतात काय, कामात खंड पडतो काय, हे प्रश्न रुग्णेच्या नित्याच्या भाषेत विचारले जाणे हाच निदानाचा आरंभ होय.