फ्लॅग कोणी ठरवायचा?

कंपायलरचे मूळ फ्लॅग भित्रे असतात. बिल्डच्या सी-फ्लॅग्जमध्ये एकदाच ओ-थ्री (ऑप्टिमायझेशनची वरची पातळी), मार्च-नेटिव्ह (बांधणाऱ्या यंत्राच्याच सूचना वापरणे) आणि फास्ट-मॅथ (गणिताचे नियम सैल करणे) भरले की सगळा प्रोग्राम वेगवान होतो, हे मत प्रोग्रामरांमध्ये घट्ट रुजले आहे. हा पूर्वपक्ष पोकळ नाही. लिनक्सच्या अनेक वितरणांतल्या तयार बायनरी वीस वर्षांपूर्वीच्या ६४-बिट प्रोसेसरवरही चालाव्यात अशा बेताने बांधलेल्या असतात. मॅट्रिक्सच्या गुणाकारासारख्या कामात कंपायलरला नव्या प्रोसेसरच्या एव्हीएक्स सूचना वापरू दिल्या, तर फरक घड्याळात दिसतो.

पण या मताच्या पोटात एक गृहीतक आहे: फ्लॅगने वेग बदलतो, प्रोग्रामचा अर्थ बदलत नाही. ते खरे नाही, आणि फास्ट-मॅथइतका त्याचा स्पष्ट पुरावा दुसरा नाही. फ्लोटिंग-पॉइंट आकड्यांची लांबलचक बेरीज करताना दर पायरीला राउंडिंगमुळे थोडे अंक गळतात. विल्यम काहान यांच्या पद्धतीत गळलेला भाग वजाबाकीने हुडकून पुढच्या पायरीत भरून काढतात. शाळेतल्या बीजगणिताने पाहिले तर त्या वजाबाकीचे उत्तर शून्यच यायला हवे. फास्ट-मॅथ कंपायलरला नेमके हेच बीजगणित धरायची मुभा देतो. मग कंपायलर ती वजाबाकी उडवून टाकतो आणि चूक सुधारण्यासाठी लिहिलेला कोड साधी बेरीज होऊन बसतो. किंमत नॅन, म्हणजे 'संख्याच नाही' अशी आहे का, ही तपासणीही याच फ्लॅगखाली नाहीशी होऊ शकते.

नुकसान आपल्या फाइलपुरते राहील, हा दिलासाही टिकत नाही. या फ्लॅगने लिंक केलेल्या शेअर्ड लायब्ररीत जीसीसी हा कंपायलर एक छोटा कोड घालत असे. लायब्ररी लोड होताच तो प्रोसेसरला अतिसूक्ष्म संख्या शून्य धरायला लावी. पायथनच्या काही लोकप्रिय पॅकेजांत हे घडत असल्याचे २०२२ मध्ये उघड झाले. गणिताशी संबंध नसलेले पॅकेज इंपोर्ट करा, दुसऱ्याच कोणाचे गणित बदलते! जीसीसी १३ ने शेअर्ड लायब्ररींपुरती ही वागणूक थांबवली.

आता वेगाचे पाहू. २०१३ मध्ये कर्टसिंगर आणि बर्गर या संशोधकांनी कोडची मेमरीतली मांडणी यादृच्छिकपणे पुन्हापुन्हा बदलत एलएलव्हीएम हा कंपायलर तपासला. स्पेक बेंचमार्कांवर ओ-टूवरून ओ-थ्रीवर गेल्याचा लाभ त्यांना गोंगाटातून वेगळा काढता आला नाही. प्रत्येक कामाला हे लागू होईल असे मी म्हणत नाही. पण ज्याने मांडणीचा प्रभाव वगळून मोजलेले नाही, त्याने ओ-थ्रीची ग्वाही देऊ नये.

म्हणून फ्लॅगांना हातच लावू नये, असे म्हणणारेही मला मान्य नाहीत. लिनक्स कर्नलच्या टन (TUN) ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि तो नल आहे का हे नंतर तपासले होते. वापरला त्या अर्थी नल नसणारच, असे धरून कंपायलरने तपासणी काढून टाकली आणि सुरक्षेला भगदाड पडले. ड्रायव्हर दुरुस्त झालाच, पण अशा तपासण्या काढू नयेत असे बजावणारा फ्लॅगही २००९ मध्येच कर्नलच्या मेकफाइलमध्ये आला. तो तिथे हवाच.

माझा सिद्धान्त मालकीचा आहे. ज्या फ्लॅगने कोडचा अर्थ ठरतो, तो कोड लिहिणाऱ्याचा: त्याने तो त्या-त्या टार्गेटवरच लावावा, सीमेकमध्ये त्यासाठी टार्गेट-कंपाइल-ऑप्शन्स आहे. ज्या फ्लॅगने यंत्र, डीबग माहिती किंवा ऑप्टिमायझेशनची पातळी ठरते, तो बांधणाऱ्याचा. ग्नूचे संकेत हेच सांगतात: सी-फ्लॅग्ज हा वापरकर्त्याचा चल, कंपाइल होण्यासाठी अत्यावश्यक असलेले काही त्यात ठेवू नये. लेखकाने मेकफाइलमध्ये मार्च-नेटिव्ह कोरून ठेवला, की नव्या सर्व्हरवर बांधलेली बायनरी जुन्या यंत्रावर पहिल्या अनोळखी सूचनेपाशी कोसळते. आणि बांधणाऱ्याने सरसकट फास्ट-मॅथ लादला, तर काहीच कोसळत नाही. उत्तर तेवढे चुकते.