शीट रोलवरचे नाव

मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाची सेवापुस्तिका, म्हणजे शीट रोल, बेळगावच्या अभिलेख कार्यालयात राहते. भरतीच्या वेळी नाव, गाव, जन्मतारीख, वारस असा तपशील तिच्यात चढे. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभर लागू होणारा कायदा 1969चा. त्याआधी खेड्यातल्या अनेकांकडे जन्माचा दाखलाच नसे. मग वय अंदाजाने लिहिले जाई, आणि सांगितलेले नाव कारकून कानावर पडेल तसे इंग्रजीत उतरवी. ‘जाधव’चे स्पेलिंग दोन भावांच्या कागदांवर दोन तऱ्हांचे होई.

सेवेत असताना लग्न, अपत्य, वारस यांतले बदल युनिटच्या पार्ट टू ऑर्डरने नोंदले जात. ते राहून गेले, तर चूक निवृत्तीनंतर उघडी पडे, बहुधा कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी. आपल्याकडे लग्नात नवरीचे नाव बदलण्याची रीत. त्यामुळे शीट रोलवर माहेरची ‘गंगू’ आणि रेशनकार्डावर सासरची ‘सुलोचना’ असा घोळ नेहमीचाच. तो निस्तरायला प्रतिज्ञापत्र, ओळखीचे पुरावे आणि अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अभिलेख कार्यालयाकडे जातो. निवृत्तिवेतनाच्या आदेशातली दुरुस्ती प्रयागराजचे लेखा कार्यालय करते. जन्मतारीख मात्र निवृत्तीनंतर सहसा बदलत नाही.